कागदावर चौदा पदार्थ, ताटात भात-साबुदाणा

औसा तालुक्यातून एका आईचं पत्र आलंय. लांब आहे, म्हणून थोडक्यात देते.

"माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. तीन-चार महिन्यांचा असल्यापासून त्याचं अंग कोरडं, नडग्यांवर खवल्यासारखं. हिवाळ्यात भेगा पडून रक्त निघतं. कोपराच्या, गुडघ्याच्या घडीत खाजवून खाजवून रात्री झोपत नाही. लातूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी इक्थिओसिस व्हल्गॅरिस आणि सोबत एक्झिमा सांगितला, आनुवंशिक आहे म्हणाले. ह्यांच्या पायांची कातडीही तशीच आहे. माझ्या सासूबाई म्हणजे माझ्या सख्ख्या आत्या. त्या पहिल्यापासून घाण्याच्या शेंगदाणा तेलानं मालिश करून, डाळीचं पीठ आणि दूध लावून न्हाऊ घालायच्या. दहा महिन्यांचा असताना शेंगदाण्याच्या लाडवाचा कण चाटवला, तर दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, दोनदा ओकला. गावातल्या डॉक्टरांनी सुई दिली, उतरलं. बाकी सगळं तो खायचा, वरण-भात, दुधात कुस्करलेली भाकरी, चपाती. दिवाळीनंतर रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी केली. शेंगदाणा, तीळ, गहू, दूध, तूर, हरभरा, मूग, सोयाबीन, ज्वारी, टोमॅटो, वांगं, खोबरं, अंडं, मासा, असे चौदा पदार्थ निघाले. तेव्हापासून सगळं बंद. भात, पाण्यातली साबुदाण्याची खीर, बटाटा, केळ, एवढ्यावर आहे. वजन ९ किलो २०० ग्रॅम. सासरे माळकरी, त्यामुळे अंडं-मटण घरात येतच नाही. अंगावरचं तसंच आहे. मला पुन्हा सातवा महिना लागलाय. लोक म्हणतात, नात्यात केलं म्हणून असं झालं. ह्याला जन्मभर असंच ठेवायचं का? आणि पोटातल्याचं काय?"

ताई,

नाही, जन्मभर असं ठेवायचं नाही. शेंगदाणा बंद आहे तो बंदच राहू द्या. तीळही तूर्त बंद. बाकीच्या बारांपैकी बहुतेक पदार्थांशी तुमच्या लेकराचं काही वाकडं नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. मात्र आज रात्रीच सगळं ताटात वाढू नका. का, ते पुढे सांगते.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती वजनाच्या ओळीची. या वयाच्या मुलग्याचं वजन साधारण साडेबारा किलो असतं. ९ किलो २०० ग्रॅम म्हणजे अंगणवाडीतल्या तक्त्यावर तो पिवळ्या पट्ट्यात, तोही खालच्या काठाला. सतत झडणारी आणि सुजलेली कातडी नव्यानं बनवायला शरीराला प्रथिनं लागतात, म्हणजे अशा लेकराला शेजारच्या लेकरापेक्षा चार घास जास्तच हवेत. तुमच्या घरात अंडं-मटण नाही, ते ठीकच, पण मग दूध गेलं, तूर गेली, मूग-हरभरा गेला, तर प्रथिन येणार कुठून? साबुदाण्यात ते नावालाही नाही. खाज न थांबण्यामागे, आजारपणं वारंवार येण्यामागे हा उपासही असू शकतो.

आता तो कागद. फोटो जोडलात ते बरं केलंत. शेंगदाण्यापुढे ३८ आकडा आहे. गव्हापुढे १.१, ज्वारीपुढे ०.५, वांग्यापुढे ०.४. लॅबनं ०.३५ च्या वरचं झाडून सगळं लाल शाईत छापलंय. खाली एकूण आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणारं रक्तातलं प्रथिन, दोन हजारांच्या वर. ज्या मुलाला जोराचा एक्झिमा आहे त्याचं एकूण आयजीई असंच चढलेलं असतं आणि मग पन्नास पदार्थ तपासा, वीस लाल निघतील. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की शरीरानं त्या पदार्थाची ओळख ठेवली आहे. तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतो की नाही, हे त्यातून कळत नाही. कर्नाटकात, बंगळूर-म्हैसूर भागातल्या प्रौढांचा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. रक्तात कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाविरुद्ध आयजीई सापडलेले लोक २६.५ टक्के निघाले. प्रत्यक्षात अन्नाची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता धरता येईल असे जेमतेम १.२ टक्के. मधले सगळे रोज पोटभर जेवत होते, त्यांना काही झालेलं नव्हतं.

तुमच्या लेकराच्या बाबतीत खरा पुरावा कागदाच्या आधीचा आहे. दीड वर्षांहून मोठा होईपर्यंत तो भाकरी, चपाती, वरण, दूध खात होता आणि त्याला काही होत नव्हतं. एका बाजूला हे रोजचं जेवण, दुसऱ्या बाजूला ०.५ हा आकडा. मी जेवणावर विश्वास ठेवीन. उलट शेंगदाण्याच्या बाबतीत आकडाही मोठा आणि दहा मिनिटांत ओठ सुजल्याची हकीकतही. तिथे शंकेला जागा फारशी उरत नाही. तीळ त्यानं सुटा असा कधी खाल्लेला दिसत नाही, म्हणून तो तपासून मगच. मला चाळीस पदार्थांचं पॅनल स्वस्तात करून देणाऱ्या लॅबचा राग येतो, पण कागद पुढे सरकवून "लाल आहे ते बंद" असं दोन वाक्यांत सांगणाऱ्याचा त्याहून जास्त येतो. आणि कुणी केसावरून, किंवा आयजीजी नावाची रक्त तपासणी करून अन्नाची अ‍ॅलर्जी सांगतो म्हणाला, तर तिथे एक रुपयाही घालू नका.

मग लगेच सुरू का नाही करायचं? एक्झिमाच्या लेकराला रोज पचत असलेला पदार्थ महिनोन् महिने बंद ठेवला आणि एके दिवशी अचानक दिला, तर कधीकधी तेव्हा खरी, जोराची प्रतिक्रिया येते. दुधाच्या बाबतीत अशी उदाहरणं नोंदलेली आहेत. पोटात रोज जात होतं तोवर शरीर ते सहन करत होतं, ती सवय मधल्या काळात मोडते. म्हणून ज्वारी, टोमॅटो, वांगं, खोबरं हे डॉक्टरांशी बोलून, त्यांनी हो म्हटल्यावर घरी सुरू करा. एका वेळी एकच, सकाळच्या वेळी, ताप-सर्दी नसताना. दूध, गहू, तूर, मूग, हरभरा, सोयाबीन मात्र दवाखान्यात बसून. पद्धत सोपी असते. आधी कणभर देतात, वीस-तीस मिनिटं थांबतात, मग थोडं वाढवून देतात, असं करत पूर्ण घासापर्यंत जातात आणि नंतर दोनेक तास बसवून ठेवतात. औषधाची सुई हाताशी भरून ठेवलेली असते. एका पदार्थाला एक सकाळ जाते. सुरुवात दुधापासून करा म्हणून आग्रह धरा. दूध, दही, तूप परत आलं की वजनाचं निम्मं काम होईल. अंडं आणि मासा तुमच्या घरात शिजतच नाही, त्यांच्यासाठी आत्ता जीव आटवू नका.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, ती म्हणजे मालिश आणि डाळीचं पीठ. मला त्यावरच जास्त लिहायचं आहे.

इक्थिओसिस व्हल्गॅरिसमध्ये फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं. हे २००६ साली कळलं, आणि त्याच वर्षी हेही कळलं की हाच बिघाड एक्झिमाकडेही नेतो. फिलॅग्रिन कातडीचा वरचा थर घट्ट बांधतं आणि त्यात ओलावा धरून ठेवतं. तुमच्याकडे जुनी माळवदाची घरं असतील. वरची पांढरी माती दरसाल चोपून नीट केली नाही की पावसाळ्यात कुठून गळेल ते सांगता येत नाही, तसं या कातडीचं आहे. आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरचे कण आत शिरतात. तळहातावर जास्तीच्या रेघा, दंडावर काट्यासारखी खरखर, पावसाळ्यात बरं आणि थंडीत वाईट, ही सगळी त्याचीच लक्षणं.

बाहेरचे कण म्हणजे फक्त धूळ नव्हे. अन्नाचे कणही. लहान बाळाच्या शरीराला शेंगदाण्याची पहिली ओळख तोंडावाटे झाली, तर शरीर बहुतेक वेळा त्याला अन्न म्हणून स्वीकारतं. तीच ओळख फुटलेल्या, सुजलेल्या कातडीवाटे झाली, तर शरीर त्याला शत्रू समजण्याची शक्यता वाढते. लंडनचे बालअ‍ॅलर्जीतज्ज्ञ गिडिऑन लॅक यांनी हा विचार २००८ मध्ये नीट मांडला, पण त्याचा धागा आधीचा आहे. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या मुलांच्या अभ्यासात दिसलं होतं, की बाळपणी पुरळावर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावलेल्या मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जास्त. पुढे २०१४ मध्ये असंही आढळलं, की घरातल्या धुळीत शेंगदाण्याचं प्रथिन जितकं जास्त, तितकी फिलॅग्रिनचा बिघाड असलेल्या मुलांना अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता जास्त. ज्यांचं फिलॅग्रिन धड होतं त्या मुलांवर धुळीचा असा परिणाम दिसला नाही. आणि हे फक्त शेंगदाण्याचं नाही. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेला एक चेहऱ्याचा साबण निघाला होता. तो वापरून दोन हजारांवर लोकांना, त्यातही बहुतेक बायांना, गव्हाची अ‍ॅलर्जी झाली. वर्षानुवर्षं गहू खात आलेली माणसं ती.

आता आपलं घर बघा. कोणत्या स्वयंपाकघरात कूट नाही? मिक्सरचं झाकण उघडलं की कूट उडतो, ओट्यावर राहतो, पदराला लागतो. कूट कालवलेल्या हातानं आपण रडणारं लेकरू उचलतो. त्यावर घाण्याचं तेल, त्यावर डाळीचं पीठ, त्यावर दूध. चौदापैकी शेंगदाणा, हरभरा, दूध हे तीन पदार्थ तर त्याच्या अंगाला रोज चोळले जात होते. हाच त्याच्या अ‍ॅलर्जीचा उगम, असं एका लेकराबाबत कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण इथून पुढे ते बंद करायला एवढं कारण पुरेसं आहे.

हे आत्याबाईंना सांगताना जरा जपून. मराठवाड्यात कोणत्या बाळाला तेल लावत नाहीत? कोरड्या कातडीला स्निग्ध काही लावावं, ही त्यांची समज अगदी योग्य होती. निवडलेलं तेल तेवढं अडचणीचं निघालं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. कारखान्यात शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, लाकडी घाण्याच्या तेलात उरतं. सध्या घाण्याच्या तेलाची हौस आहे, ती घरातल्या बाकीच्यांनी करावी. करडईचं तेल काढून आणणार असाल तर घाणेवाल्याला विचारा, त्याच घाण्यात आधी शेंगदाणा काढला होता का. बहुतेक वेळा काढलेला असतो.

मग लावायचं काय? साधी पांढरी पेट्रोलियम जेली, किंवा ती आणि लिक्विड पॅराफिन निम्मं-निम्मं. वास नाही, रंग नाही, खाण्याचा कुठलाच पदार्थ नाही. कोमट पाण्यानं पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरका, पंचानं टिपा, पुसू नका, आणि अंग ओलसर आहे तोवर, दोन-तीन मिनिटांत, सगळीकडे लावा. दिवसात पुन्हा एक-दोनदा. या वयाच्या लेकराला आठवड्याला पाव किलोच्या आसपास लागतं. महिनाभर पुरवलेली छोटी ट्यूब काही कामाची नाही. बदाम तेल, ओट, मध, शेळीचं दूध, गव्हाचं प्रथिन असलेली साबणं-मलमं नकोत, ती कितीही नैसर्गिक म्हणून विकली तरी. खवले काढायचं सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम या वयात अंगभर लावू नका. फुटलेल्या कातडीतून ते रक्तात जातं आणि विषबाधा होऊ शकते. घडीतल्या लाल, खाजणाऱ्या भागाला त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेलं स्टिरॉइड मलम सांगितलं तेवढे दिवस बिनधास्त लावा. त्याच्या भीतीनं कातडी महिनोन् महिने उघडी ठेवण्यानं नुकसान जास्त होतं. आणि एक गोष्ट चिठ्ठीवर कुणी लिहून देत नाही. पॅराफिन मुरलेले कपडे पटकन पेट घेतात. अंगाला लावलेलं लेकरू चुलीजवळ, निरांजनाजवळ नेऊ नका.

लावण्याआधी हात साबणानं धुवा. नुसत्या पाण्यानं किंवा सॅनिटायझरनं शेंगदाण्याचं प्रथिन नीट निघत नाही. हे मी उगीच बजावत नाही. इंग्लंडमधल्या तेराशे बाळांच्या नोंदींत उलटंच दिसलं होतं, की तान्हेपणी ज्यांना वारंवार मलम लावलं गेलं त्यांच्यात अन्नाची अ‍ॅलर्जी अधिक. एक शक्यता अशी मांडली गेली, की आईबापांच्या हातावरचं अन्न मलमाबरोबर कातडीत चोळलं जात असावं. डबीत बोटं घालू नका, स्वच्छ चमच्यानं काढून घ्या. कूट करणं, शेंगा फोडणं लेकरू झोपलेल्या खोलीपासून लांब. सोयाबीनच्या मळणीच्या वेळीही त्याला खळ्यावर नेऊ नका. ती धूळ साधी नसते, १९८० च्या दशकात बार्सिलोनाच्या बंदरात सोयाबीन उतरवताना उडालेल्या धुळीनं शहरात दम्याच्या साथी आल्या होत्या. आणि हे सगळं केलं म्हणजे झालेली अ‍ॅलर्जी जाईल, असं मात्र नाही. जन्मापासून मलम लावून एक्झिमा किंवा अ‍ॅलर्जी टळते का, याच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल २०२० मध्ये आले, उत्तर निराशाजनक होतं. मलम कातडीसाठी लावायचं. खाज कमी होईल, झोप लागेल, नवे कण आत शिरणं कमी होईल. उन्हाळ्यात या लेकरांना घामही कमी येतो, अंग तापतं, तेव्हा दुपारी ओलं फडकं आणि सावली.

शेंगदाणा टाळणं आपल्याकडे किती अवघड आहे, ते मी तुम्हाला काय सांगू. उपवासाच्या दिवशी तर घरात दुसरं काही नसतंच. साबुदाण्याची खिचडी, भगरीबरोबरची आमटी, कोशिंबीर, ठेचा, भरली वांगी, सुशीला, चिवडा. येळवसला शेतात सगळे एकाच भज्जीच्या पातेल्यातून वाढून घेतात, तिच्यात ओल्या शेंगा असतात. हुरड्याबरोबर दाण्याची चटणी. संक्रांतीला घरोघरचा तीळगूळ, त्यात तीळही आणि कूटही. स्वस्तातली काजूकतली पुष्कळदा शेंगदाण्याचीच असते. त्यामुळे त्याचं भांडं, पळी, पोळपाट वेगळं ठेवा आणि त्याचं जेवण सगळ्यांच्या आधी शिजवा. मिक्सरचं एक भांडं फक्त त्याचं. पाकिटातल्या खाऊवर शेंगदाणा, दूध, गहू, सोयाबीन यांचा उल्लेख करणं कायद्यानं बंधनकारक आहे, तो वाचा. सुट्या शेव-फरसाणावर, बेकरीच्या मालावर काहीच लिहिलेलं नसतं, ते सोडून द्या. अंगणवाडीच्या ताईंना मात्र तोंडी नको, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सांगा, आणि लाडू-चिक्की वाटतात त्या दिवशी त्याचं हात-तोंड कोण धुणार तेही ठरवा.

एवढं करूनही कधीतरी कण तोंडात जाणार. तेव्हाचं आधीच ठरलेलं पाहिजे. नुसत्या थोड्या गांधी उठल्या, लेकरू खेळतंय, तर डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅलर्जीचं पातळ औषध देऊन डोळ्यांसमोर ठेवा. पण आवाज बसला, खोकला थांबेना, धाप लागली, छातीत शिटी वाजू लागली, जीभ सुजली, अंगावर उठण्याबरोबर ओकाऱ्या सुरू झाल्या, किंवा लेकरू पांढरं पडून निपचित झालं, तर एक मिनिटही घालवू नका. तुमच्या लेकराची कातडी आधीच लाल आणि जाड, तिच्यावर गांधी दिसणारही नाहीत. म्हणून अंगाकडे बघत बसू नका, श्वासाकडे आणि डोळ्यांकडे बघा.

यावर औषध एकच, अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. गावच्या डॉक्टरांनी गेल्या वेळी दिलेली सुई बहुधा एव्हिल-डेक्साची, म्हणजे अ‍ॅलर्जीचं साधं औषध आणि स्टिरॉइड यांची असावी. तिनं खाज बसते, बंद होणारा श्वास मोकळा होत नाही. अ‍ॅड्रेनालिन महाग किंवा दुर्मीळ नाही. लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंच्या पेटीत ते असतंच, प्राथमिक आरोग्य केंद्रातही असतं. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. कुपीत एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असतं, म्हणजे तुमच्या लेकराला साधारण ०.१ मिलिलिटर. हे मी तुम्ही घरी टोचावं म्हणून लिहिलेलं नाही. डॉक्टरांकडून हे कागदावर सहीनिशी लिहून घ्या आणि तो कागद कायम जवळ ठेवा, म्हणजे रात्री अनोळखी दवाखान्यातही वाद होणार नाही. परदेशात मिळतं तसं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. तुमचं गाव केंद्रापासून लांब असेल, तर घरी कुपी-सुई ठेवून तुम्हाला आणि ह्यांना शिकवता येईल का, ते डॉक्टरांना जरूर विचारा. १०८ ला फोन करा. गाडी येईतो लेकराला आडवं ठेवा, पाय थोडे उंच. ओकत असेल तर कुशीवर, धाप असेल तर मांडीत टेकवून बसतं. खांद्यावर उभं धरून पळत सुटू नका. पहिल्या सुईनं पाच-दहा मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरी देतात. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबा, त्रास पुन्हा उलटू शकतो.

आता पोटातल्या बाळाचं, आणि लोकांच्या बोलण्याचं. या विकारात बिघडलेल्या जनुकाची एक प्रत आली तरी कातडी कोरडी होते, दोन आल्या तर जास्त जोराची. तुमच्या यजमानांची कातडी तशी आहे, म्हणजे नात्यात लग्न केलं नसतं तरी हे लेकराकडे येऊ शकलं असतं. पण त्याचं बापापेक्षा जास्त आहे, म्हणून एक प्रत तुमच्याकडूनही आली असण्याची शक्यता आहे. स्वतःचे तळहात आणि थंडीतल्या नडग्या बघा. दोघांकडे एकेक प्रत असेल तर प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता पूर्ण सुटण्याची, चारात दोन सौम्य विकाराची, चारात एक जोराच्या विकाराची. नक्की काय ते जनुक तपासणीशिवाय सांगता येत नाही, आणि या विकारासाठी गरोदरपणात तशी तपासणी करायची गरज नाही, बाळाच्या जिवाला यातून धोका नसतो. यात ना तुमचा दोष, ना ग्रहणाचा, ना आत्याबाईंचा.

तुम्ही स्वतः शेंगदाणे, दूध, गहू सोडू नका. त्यानं बाळाची अ‍ॅलर्जी टळत नाही, तुमचं रक्त मात्र कमी होईल. शेंगदाण्याला स्वतः हात लावलात की साबणानं धुवून मगच मोठ्याला घ्या. नव्या बाळाला पहिल्या दिवसापासून अंगावर खाण्याचा पदार्थ कुठलाच लावायचा नाही. लाली-खाज दिसली की लगेच उपचार. आणि सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झालं, की पुढच्या काही दिवसांतच शेंगदाणा तोंडावाटे सुरू करायचा.

दचकलात ना? २०१५ मध्ये लंडनहून एका चाचणीचे निकाल आले. जोराचा एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळं, वय चार ते अकरा महिने. निम्म्यांना नियमानं शेंगदाणा दिला, निम्म्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत दिला नाही. टाळणाऱ्यांपैकी १७.२ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी ३.२ टक्के मुलांना. तिथे आठवड्याला तीनदा, दर वेळी साधारण २ ग्रॅम प्रथिन पोटात जाईल असं देत होते. आपल्या हिशोबानं आठ-दहा दाण्यांची अगदी गुळगुळीत, पातळ केलेली पेस्ट, गरम भातात किंवा खिमटात कालवून. अख्खा किंवा अर्धा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही, घशात अडकतो. दुसऱ्या बाळाच्याही अंगावर जोराचा एक्झिमा उठला, तर पहिला घास डॉक्टरांसमोर द्या. घरात अ‍ॅलर्जीचा भाऊ असताना हे करायचं म्हणजे कसरत आहे. मोठा अंगणवाडीत असताना द्या, एका ठरलेल्या जागी, आणि मग बाळाचं तोंड, तुमचे हात, वाटी-चमचा, सगळं साबणानं.

मोठ्या मुलाची शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जाईल का? पाचांत एखाद्याची वाढत्या वयात जाते. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तपासून घ्यायचं. घरी चाखवून बघायचं नाही.

हे सदर इतर आयाही वाचतात, म्हणून एक सांगून ठेवते. लेकरू जन्मतःच अंगभर लाल असेल, केस आखूड, विरळ आणि बांबूच्या पेरासारखे गाठाळ होऊन तुटत असतील, वजन काही केल्या चढत नसेल, तर तो इक्थिओसिस व्हल्गॅरिस नाही. तो नेदरटन सिंड्रोम असू शकतो. त्यात अन्नाच्या अ‍ॅलर्जी फार आढळतात, आणि एक्झिमावर देतात ते टॅक्रोलिमसचं मलमही जपूनच वापरावं लागतं, कारण ते कातडीतून रक्तात उतरतं. तो विकार दोन्ही बाजूंनी प्रत आली तरच होतो, आणि तिथे मामे-आते लग्नाचा संबंध खरोखर येतो. अशा घरानं दुसऱ्या बाळाआधी पुण्या-मुंबईच्या जनुकतज्ज्ञांकडे जावं.

तुम्हाला लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था जवळ पडेल. तिथे बालरोग आणि त्वचारोग, दोन्ही विभागांना एकाच खेपेत भेटा आणि "तोंडावाटे अन्नाची चाचणी इथे होते का" असं स्पष्ट विचारा. तिथे जमलं नाही तर अंबाजोगाई, नांदेड किंवा संभाजीनगरची घाटी, कुठे पाठवायचं ते तेच चिठ्ठी देऊन सांगतील. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, त्यांच्याकडूनही पुढे पाठवण्याचा कागद मिळतो. वजनाचा तक्ता, तो चौदा पदार्थांचा अहवाल, सगळी मलमं-औषधं डब्यांसकट, आणि दिवाळीआधी तो काय काय खात होता त्याची यादी बरोबर न्या. यादी आत्याबाईंना सोबत बसवून करा, पहिला घास कशाचा आणि कधी, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आठवेल. सातव्या महिन्यात एसटीचा प्रवास आहे, सकाळच्या गाडीनं जा आणि ह्यांना सुट्टी काढायला लावा. त्यांचेही पाय त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून होतील.